आठ टोकांचा बर्फ

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या आमच्या पेडण्याकडच्या गावात दारोदारी येशूच्या जन्माचे गोठे उभे राहतात. गवताचं छप्पर, मातीची मेंढरं आणि सगळ्यावर पिंजून पसरलेला कापूस. दुपारी घामाच्या धारा लागलेल्या असतात. माझ्या दुसरीच्या वर्गातली मुलं रोज ते बघत शाळेत येतात आणि विचारतात, "बाई, कापूस कित्याक?" बर्फ म्हणून, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मग तो मासेवालीच्या बर्फासारखा का नाही?

इथे आपली भाषाच घात करते. बांगड्यांवर टाकतात तो बर्फ, गोळेवाला किसतो तो बर्फ आणि हिमालयात पडतो तोही बर्फच. 'हिम' हा शब्द कवितेबाहेर येतच नाही. मग मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की वर पाऊस गोठतो आणि खाली पडतो. खोटं कशाला बोलू, कित्येक वर्षं मीही तेच सांगत होते. पण थेंब गोठून, त्यावर थर चढून पडतात त्या गारा. हिमाची गोष्ट वेगळी. धुळीच्या कणावर पाण्याचा अगदी सूक्ष्म थेंब गोठतो, आणि नंतर भोवतालच्या हवेतली वाफ पाणी न होताच थेट त्याच्यावर बर्फ होऊन बसत जाते. म्हणजे हिमाचा कण नुसता गोठत नाही, तो वाढतो.

हे माझ्या लक्षात आलं ते एका फजितीमुळे. कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा दुमडायचा, कात्री चालवायची आणि उलगडायचं, असे तीसेक हिमकण आम्ही केले आणि दोरीला टांगले. संध्याकाळी एक पुस्तक चाळताना खऱ्या हिमकणाचा फोटो दिसला. टोकं सहा. आमच्या दोरीवर झाडून सगळे आठ टोकांचे! तीनदा अर्धं केलं की आठच होणार, हे गणित शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

आता मी गोल कागद घेते, एकदा अर्धा करते आणि त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग चण्याच्या पुडीसारखे एकावर एक दुमडते. सात वर्षांच्या हातांना 'तीन सारखे' जमवायला एक अख्खा तास लागतो. लागू दे.

पण खरी मजा डब्यात आहे. बाजारातून बर्फ आणते (त्याला मासळीचा वास येतो, पोरं नाकं धरतात), कापडात गुंडाळून वरवंट्याने फोडते. आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ घरात असतंच. तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ, पत्र्याच्या कोरड्या डब्यात घालून लाकडी पट्टीने ढवळायचं. मिठामुळे बर्फ वितळू लागतो आणि वितळताना डब्यातलीच उष्णता ओढून घेतो. हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. आमचं तेवढं उतरत नाही, पण शून्याच्या बरंच खाली जातं. बोट लावायचं नाही, अशी ताकीद देते. एकजण लावतोच.

आधी डब्याला घाम फुटतो. मग तो घाम गोठून काचेसारखा पापुद्रा होतो. हा झाला गोठलेला थेंब, म्हणजे माझी जुनी चूक. थोडं थांबलं की त्या पापुद्र्यावर पांढरी बारीक लव उभी राहू लागते. ती पाण्याची नाही, हवेतल्या वाफेची. गोव्याची दमट हवा एरवी पापड सादळवते, इथे मात्र उपयोगी पडते. गेल्या वर्षी एक पोरगी डोळे डब्याला भिडवून बसली होती. ती ओरडली, "बाई, डब्याक केंस फुटले!" वाफेपासून थेट बर्फ हे समजावायला मला याहून चांगलं वाक्य सुचलेलं नाही.

सहाच टोकं का? बर्फात पाण्याचे रेणू सहा-सहांचं कडं करून बसतात. सहा मुलांना हात धरून उभं करते, त्यांना बाहेरून आणखी मुलं जोडत जाते आणि व्हरांडा भरतो. त्या षटकोनाला फांद्या का फुटतात, ते पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून कळतं. सायकलचा भोंपू वाजला की कोपऱ्यावरच्या घराला उंडे आधी मिळतात, आत राहणाऱ्याला उरलंसुरलं. षटकोनाचे कोपरे हवेत पुढे आलेले असतात, म्हणून वाफ त्यांना आधी मिळते आणि ते आणखी पुढे जातात. आणि सहाही फांद्या सारख्या का? त्या एकमेकींना विचारत नाहीत. शिगम्यात रोमटातले, म्हणजे नाचत जाणाऱ्या मिरवणुकीतले सगळे एकाच ढोलावर पावलं बदलतात ना, तसं. ढगात थंडी आणि ओल बदलली की ती सहाही जणींना एकदमच बदललेली मिळते. दुसऱ्या कणाची वाट वेगळी, म्हणून त्याचा ढोल वेगळा. उणे १५ अंशांच्या आसपास फांद्यांच्या चांदण्या होतात, उणे ५ ला सुया. हे मात्र मी स्वतःपुरतं ठेवते.

अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ साली हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला आणि पुढे पाच हजारांवर काढले, हे मुलं ऐकून घेतात. पण जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवला म्हटलं की विज्ञान संपतं. ससा कोणाचा? त्याला दुखलं का? आता कुठे आहे?

यंदा मी जुने आठ टोकांचे सगळे कण उतरवायला घेतले. डब्याला केस फुटले म्हणणाऱ्या त्या पोरीने आपला द्यायला साफ नकार दिला. तिची मान वर, हात मागे. "बाई, तो बर्फ न्हय. तें नखेत्र." समोरच्या घराच्या दारावर टांगलेल्या नाताळाच्या चांदणीकडे तिने बोट दाखवलं. मी टोकं मोजली. आठ. तिचं तेवढं दोरीवर राहिलंय.