आमची वाटचाल: पडद्याच्या अलीकडचं काम

आमच्या श्रवण तपासणी केंद्रात शिरताच समोर नोंदणी क्रमांक दिसतो. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२, कलम १३: केंद्रीय नोंदवहीत नाव नसेल तर ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ) म्हणून व्यवसाय करता येत नाही. शिक्षा वर्षभरापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढ्याशा दंडाला कोण भितं?

समोरच्या दुकानावर ‘मोफत तपासणी’चा बोर्ड लागला आणि आमची खुर्ची रिकामी राहू लागली. दोन महिन्यांचं भाडं थकलं. तिथे नोंदणीही नव्हती आणि मास्किंगही, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्याला आवाजाने गुंतवून ठेवणं. दोन कानांत ४० डेसिबलचा फरक असेल आणि चांगल्या कानात सरसर आवाज सोडला नाही, तर तोच कान ऐकून बोट वर करवतो. आलेख बिघडलेल्या कानाचा म्हणून छापला जातो आणि ऐकण्याचं मशीन चुकीचं लागतं.

लोक म्हणायचे, “तुम्ही साधे थेंबसुद्धा लिहून देत नाही.” नाहीच देत. औषध आणि शस्त्रक्रिया ईएनटी डॉक्टरांची. ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं याची तपासणी), टिंपॅनोमेट्री (पडदा किती हलतो ते), ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद), बेरा (ऐकण्याच्या नसेचा प्रतिसाद), मशीन बसवणं, त्यासाठी कानाचा साचा घेणं हे आमचं.

गिरणीवाले काका मात्र पहिल्यापासून आमच्याकडेच. एके सकाळी त्यांचा उजवा कान उठल्या उठल्या बंद. आत मळ नाही, टिंपॅनोग्राम ‘ए’, म्हणजे पडद्याची हालचाल ठीक, हाडामार्गे ऐकणंही तितकंच खाली. म्हणजे दोष आतल्या कानाचा. मशीन न दाखवता चिठ्ठी दिली आणि त्याच दुपारी ईएनटीकडे पाठवलं. अशा वेळी स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हावं लागतं.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी साचा घेताना घाई करू नये. आधी ऑटोस्कोपने (कानात बघायच्या दिव्याने) कानाचा पडदा बघा. छिद्र किंवा जुनी शस्त्रक्रिया दिसली तर थांबा, ईएनटीला विचारा. दोरा बांधलेला स्पंज कानाच्या नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवा. लहान पडला तर साच्याचं सिलिकॉन बाजूने आत जातं, आणि पडदा फाटका असेल तर थेट पडद्यामागच्या मध्यकर्णात. मग ते काढायला भूल द्यावी लागते. सिलिकॉनचे दोन्ही भाग समसमान मळा, पिचकारीचं टोक सिलिकॉनमध्ये बुडालेलंच ठेवा, नाहीतर हवा अडकते. साचा काढल्यावर पुन्हा कानात बघा.

अपंगत्वाच्या दाखल्याला आमचा आलेख जोडता येतो, पण टक्का ठरवून दाखला देण्याचं काम सरकारने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं. “तुम्हीच लिहा ना” म्हणणाऱ्यांना आम्ही जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवतो. त्यातले काही अजूनही समोर जातात.