बॉनेटचा दुसरा खटका

नऊ वर्षं गाडी चालवत होते, पण बॉनेट उघडायची वेळ कधी आली नव्हती. सर्व्हिसिंगला द्यायची आणि पंपावर हवा भरायची, गाडीच्या पोटाशी माझा एवढाच संबंध. 2019 च्या मे महिन्यात, भर दुपारी, खंबाटकी घाटात ती वेळ आली. साताऱ्याला लग्न होतं. गाडीत मी आणि सासूबाई. मागच्या सीटवर आहेराच्या पिशव्या.

पुण्याहून जाताना हा घाट चढावाच लागायचा. बोगदा साताऱ्याहून परत येणाऱ्यांसाठी. अर्धा घाट चढलो असू, तेवढ्यात टेम्परेचरचा काटा लाल रेघेकडे सरकला. एसी बंद केला, उलट हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, हे कधीतरी ऐकलं होतं. मे महिन्यात हीटर! सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते. पण काटा हटेना, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली. गाडी अगदी डावीकडे घेतली, बंद केली, हँडब्रेक ओढला, पहिल्या गियरमध्ये टाकली, चारी इंडिकेटर लावले. खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला.

आता बॉनेट. सीटच्या बाजूला खाली एक लिव्हर दिसला, तो ओढला. मागे कुठेतरी 'टक्' झालं. ते पेट्रोलच्या टाकीचं झाकण होतं. मग वाकून स्टिअरिंगच्या उजवीकडे, डॅशबोर्डखाली चाचपलं. तिथं गाडीचं चित्र असलेला दुसरा लिव्हर सापडला. तो ओढल्यावर 'खट्' झालं आणि बॉनेट दोन बोटं वर आलं. तेवढंच. मी जाऊन उचलायला हात घातला, तर हलेना.

"ओ ताई, हात नगा लावू! वाफ हाय अजून."

पुढे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर होता. त्याचीही गाडी निवत होती. "वाफ दिसतीया तवर उघडायचं न्हाई. तोंडावर येती. जरा दम धरा."

मला घाई झाली होती, मुहूर्त सव्वाचारचा. सासूबाई मात्र लगेच त्याच्या बाजूनं झाल्या. "कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढतेस का तू?" यावर काय बोलणार!

वीसेक मिनिटांनी वाफ थांबली. पत्र्याला हाताची मागची बाजू लावून बघितली, चटका बसत नव्हता. मग ड्रायव्हरनं दुसरा खटका दाखवला. बॉनेटच्या पुढच्या कडेखाली, मधोमध थोडं बाजूला, फटीत बोटं घातली की एक जीभ लागते. आमच्या गाडीत ती डावीकडे सरकवायची. काही गाड्यांत वर उचलतात. चालत्या गाडीत पहिलं लॉक सुटलंच, तर वाऱ्यानं बॉनेट काचेवर आदळू नये म्हणून ही जीभ. आमची गंजली होती. एका हातानं बॉनेट किंचित खाली दाबलं, तेव्हा कुठे सरकली. उचललं, आडवी ठेवलेली दांडी काढून वरच्या भोकात अडकवली. दांडी तापली होती, पण धरायच्या जागी प्लॅस्टिक होतं.

मी वाकून आत बघतेय, तोच रेडिएटरचा पंखा भर्रकन सुरू झाला. किल्ली माझ्या हातात होती! काही गाड्यांत इंजिन तापलेलं असेल तर पंखा गाडी बंद असतानाही आपला आपण फिरतो. माझ्या ओढणीचं टोक पात्यांपासून वीतभर अंतरावर होतं. मी मागे सरले आणि ओढणी काढून गाडीत टाकली.

कूलंटची बाटली कोरडी ठणठणीत होती. रेडिएटरच्या झाकणाला मात्र ड्रायव्हरनं अजून अर्धा तास हात लावू दिला नाही. आत दाब असतो, त्यामुळे पाणी 100 अंशांवर गेलं तरी उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून बाहेर येतं. शेवटी जाड फडकं घडी करून ठेवलं, तोंड बाजूला घेतलं, झाकण थोडंसं फिरवून थांबले. बारीक 'फुस्स' झालं. तो आवाज पूर्ण थांबल्यावरच काढलं. पाणी हळूहळू ओतलं. तापल्या इंजिनात गार पाणी एकदम गेलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

बंद करताना मी दोन्ही तळव्यांनी दाबायला गेले. "पत्रा चेपंल की," ड्रायव्हर म्हणाला. दांडी जागेवर बसवायची, बॉनेट वीतभर उंचीपर्यंत खाली आणायचं आणि सोडायचं. मग कड धरून वर ओढून बघायचं, हललं तर पहिलं लॉक बसलेलं नाही.

साताऱ्यापर्यंत काट्यावर डोळा ठेवून, दोनदा थांबत गेलो. मुहूर्त हुकला, पंगत मिळाली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं होज पाइपची सैल क्लिप बदलली, नवीन कूलंट भरलं, गंजलेल्या जिभेला ग्रीस लावलं. पैसे देऊन गाडीत बसले, तर तो हाक मारत मागून आला.

"मॅडम, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडंच आहे तुमचं."