फर कोरताना ग्रीन स्टफचा लगदा का होतो?

‘ग्रीन स्टफवर केस कोरायला घेतले की पुट्टी पात्याला चिकटून वर येते, दोन मिनिटांत सगळा लगदा होतो. हात स्थिर नाही म्हणून होतं का?’ तुम्ही विचारलंत, आणि मिनिएचर, म्हणजे खेळातल्या छोट्या मूर्ती, स्वतः बदलायला लागलेले बरेच जण हेच विचारतात. ग्रीन स्टफ म्हणजे निळा आणि पिवळा भाग एकत्र मळून होणारी हिरवी एपॉक्सी पुट्टी. हाताचा दोष यात फार थोडा असतो. पुट्टी लावल्या लावल्या कोरायला घेतलेली असते, जाड थापलेली असते आणि एका बैठकीत अख्खा झगा उरकायचा असतो. गडबड तिथे होते.

28 मिलिमीटरचा प्लास्टिकचा योद्धा घ्या. त्याच्या खांद्यावर लांडग्याचं कातडं चढवायचं आहे.

आधी मिश्रण. निळी-पिवळी पट्टी शेजारी शेजारी चिकटवून येते, तेव्हा मधल्या रेषेवर दोन्ही रंग एकमेकांना लागून आधीच कडक झालेले असतात. तो एक-दोन मिलिमीटरचा पट्टा कापून टाकून द्या. तो मळला गेला तर पुट्टीत कण राहतात आणि बारीक रेघ ओढताना पातं नेमकं त्या कणाला अडतं. एका वेळी हरभऱ्याएवढीच पुट्टी मळा. दोन्ही रंग सारखे घेतले तर सगळ्याला चालतं. फरसाठी पिवळा किंचित जास्त घ्यावा, पुट्टी मऊ राहते. चिलखताच्या कडा हव्या असतील तर निळा जास्त, म्हणजे कड धरून ठेवते. रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत, चांगली चार-पाच मिनिटं मळायचं. अर्धवट मळलेल्या पुट्टीचे काही भाग कायमचे चिकट राहतात.

मॉडेलवरची साच्याची रेघ पात्याच्या पाठीने खरवडून काढा आणि पुट्टी बसणार तिथे चार ओरखडे मारा. रेझिनचं मॉडेल असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा, साच्यातलं तेल राहिलं तर पुट्टी धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दिवशी फर करायचीच नाही. कातड्याचा नुसता आकार अर्धा ते एक मिलिमीटर जाडीत लावा, खांद्यावरून पाठीवर कसं पडतं ते ठरवा आणि रात्रभर सुकू द्या. मऊ पुट्टीवर मऊ पुट्टी असली की इथे दाबलं की तिथे फुगतं. खालचा थर कडक असला की पात्याचा दाब फक्त वरच्या थरावर पडतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या सिटाडेल या मिनिएचर बनवणाऱ्या कंपनीत 1990 च्या दशकात धातूच्या मिनिएचरचे मूळ नमुने याच पुट्टीत, तारेच्या सांगाड्यावर घडवले जात. तिथेही आधी अंग, ते सुकल्यावर कपडे, मग पट्टे नि बकलं असाच क्रम असे. हल्ली बहुतेक कंपन्या नमुने संगणकावर घडवतात, पण हाताने काम करणाऱ्यासाठी क्रम तोच आहे.

फर खालच्या काठापासून वर चढवायची, कौलं शाकारतात तशी. काठाला तीन-चार मिलिमीटर रुंदीची पातळ पट्टी लावा, वरची कड खालच्या थरात पुसून एकजीव करा, आणि थांबा. मळल्यापासून पंधरा-वीस मिनिटं पुट्टी चिकट असते. बोटाने हलकं टेकवल्यावर ठसा उमटतो पण पुट्टी बोटाबरोबर येत नाही, तेव्हा काम सुरू करायचं. उन्हाळ्यात ही वेळ लवकर येते आणि लवकर संपते. मळलेली पुट्टी फ्रीजरमध्ये ठेवली तर बरीच सावकाश कडक होते.

कोरताना अवजार ओलं ठेवा, पाणी पुरतं. व्हॅसलीनने पृष्ठभाग सुरेख गुळगुळीत होतो, पण त्याचा थर राहिला तर पुढची पट्टी सुटून येते. वापरलंत तर सुकल्यावर जुन्या टूथब्रशने साबण लावून धुवा. आधी बोथट अवजाराने पट्टीचे झुबके पाडा, दोन ते चार मिलिमीटरचे, मुद्दाम असमान, टोकाशी निमुळते. मग 11 नंबरच्या सर्जिकल ब्लेडचं टोक आडवं धरून झुबक्यात दोन-तीन रेघा. रेघ ओढायची नाही, पातं दाबून उचलायचं. ओढलं की पुट्टी पात्यासोबत सरकते, आणि तुमचा लगदा बहुतेक वेळा याच हालचालीने होतो. रेघेला किंचित बाक द्या. सगळ्या सरळ नि समांतर असल्या तर कातडं मेलेलं दिसतं. मानेभोवती केस लांब, कुशीला आखूड, दिशा पाठीच्या कण्यापासून बाहेर. खोली तुम्हाला वाटते त्याहून जास्त ठेवा, कारण प्रायमर आणि रंगाचे थर उथळ रेघा बुजवून टाकतात.

ही ओळ सुकली की वरची ओळ, खालचीचा तिसरा हिस्सा झाकणारी. पातं लागल्यावर पुट्टी फाटायला लागली, कडा भुगा होऊन सुटू लागल्या की वेळ गेली असं समजा. पाणी लावून रेटू नका. पूर्ण सुकू द्या, बिघडलेला भाग कापून काढा आणि नवी पट्टी लावा.

‘एम-सील चालेल का?’ हा याच्याच जोडीने येणारा प्रश्न. आतला भराव, बेसवरचे दगड, झाडाचं खोड यांना छान चालतं आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. फरला मात्र नाही. पोत भरड आहे आणि बारीक कामाला हवा तेवढा वेळ मिळत नाही. तलवारीचं पातं किंवा ढालीची सपाट कड ग्रीन स्टफमध्येही करू नये. सुकल्यावरही ते थोडं लवचीक राहतं, पॉलिशपेपर लावला की घासलं न जाता लव उठते. पातं प्लास्टिकच्या पातळ शीटमधून कापा, किंवा ग्रीन स्टफमध्ये निम्मं मिलिपुट (सुकल्यावर कडक होणारी दुसरी एपॉक्सी पुट्टी) मिसळा, म्हणजे घासता येतं. तीच लवचीकता पट्ट्यांना मात्र उपयोगी पडते: पुट्टी पातळ लाटून अर्धवट सुकल्यावर ओल्या पात्याने पट्ट्या कापल्या तर कंबरेभोवती न तुटता वळतात.

एक अट पाळाच. कच्ची एपॉक्सी कातडीला लागत राहिली तर ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घाला आणि अवजार थुंकीने ओलं करायची सवय असेल तर सोडा. रेझिन घासताना ते पाण्यात भिजवून घासा, तोंडावर मास्क हवा.

शेवटचा थर चोवीस तास सुकला की राखाडी प्रायमरचा अगदी पातळ हात द्या. हिरव्या चकाकीत लपलेल्या भेगा, बोटांचे ठसे, दोन ओळींमधली फट, सगळं त्याखाली उघडं पडतं. फटीत सुईच्या टोकावर मावेल एवढी पुट्टी भरा, शेजारच्या झुबक्याची रेघ तिच्यावरून पुढे न्या आणि तेवढ्याच जागी पुन्हा प्रायमर लावा.