राजाच्या हाती पुन्हा सुरी-काटा

मी लंडनमध्ये मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. बरे होऊ लागलेल्या काही पेशंटना घेऊन गेल्या उन्हाळ्यात आम्ही क्यू गार्डन्स या मोठ्या वनस्पती उद्यानात गेलो. त्यांत सत्तरीचे एक गृहस्थ होते, जन्मभर सुतारकाम केलेले. फारसं बोलत नसत.

1788 च्या हिवाळ्यात ब्रिटनच्या तिसऱ्या जॉर्ज राजाला मनाच्या आजारात विंडसरच्या राजवाड्यातून इथे क्यूला आणून ठेवलं होतं. तो राहिला ते व्हाइट हाउस पुढे पाडलं, पण त्याचं स्वयंपाकघर अजून उभं आहे. तिथे गेल्यावर सगळे विचारू लागले, म्हणून मी त्या हिवाळ्याची हकिगत सांगायला घेतली. राजाला झोप नव्हती, आवाज बसेपर्यंत तो तासन्‌तास बोलत सुटे. दरबारचे वैद्य थकले तेव्हा लिंकनशरमध्ये मनोरुग्णांसाठी खासगी इस्पितळ चालवणाऱ्या फ्रान्सिस विलिस या पाद्री-डॉक्टरला बोलावलं. मग हात जखडणारा अंगरखा आला, बांधून ठेवायची खुर्ची आली. त्या खुर्चीला राजा आपलं राज्याभिषेकाचं सिंहासन म्हणे! पायांवर फोड आणणारे लेपही लावत. हे सांगताना मला आजही संताप येतो. इतक्या बडबडीतही त्या माणसाला आपलं काय चाललंय ते कळत होतं.

हा आजार पोर्फिरिया, म्हणजे शरीरातल्या रसायनांच्या बिघाडाचा आनुवंशिक आजार, असावा, असं 1960 च्या दशकात पुढे आलं. आता बरेच तज्ज्ञ उन्माद मानतात, आणि मलाही तेच पटतं. असं बोलणं, अशी जागरणं आमच्या वॉर्डात नवी नाहीत.

मग मी मुद्द्याची तारीख सांगितली. 6 फेब्रुवारी 1789. त्या दिवशी राजाला जेवताना पुन्हा सुरी-काटा मिळाला. युवराजाकडे कारभार सोपवायचं विधेयक तेव्हा संसदेत पुढे सरकत होतं. राजा सावरला आणि ते बारगळलं.

"राजाकडूनसुद्धा काढून घेतले होते?" सुतारकाकांनी विचारलं. ते स्वतः कित्येक आठवडे प्लास्टिकच्या चमच्याने जेवत होते. जिवाला धोका असेल तर आम्हाला हे करावंच लागतं, आणि ते योग्यही आहे. पण पटाशी-करवत चालवलेल्या हातांना ते किती लागत असेल, हे त्या एका प्रश्नात कळलं.

"हो, राजाकडूनसुद्धा."

"मग पुन्हा आजारी पडला?"

पेशंटशी मी खोटं बोलत नाही. पडला, म्हटलं. 1801 मध्ये, 1804 मध्ये, आणि 1810 च्या अखेरीस लाडकी लेक अमेलिया गेली त्या सुमारास कायमचा. आंधळा होऊन विंडसरलाच राहिला. 1818 मध्ये आमची पेशवाई बुडाली तेव्हाही नावाला तोच राजा होता, पण कारभार युवराजाकडे. 1820 मध्ये गेला. पण 1789 नंतर तब्बल बारा वर्षं तो मोठ्या दुखण्याशिवाय राज्य करत होता, ही बारा वर्षं मी मुद्दाम दोनदा सांगितली.

"बारा म्हणजे पुष्कळ झाली," ते म्हणाले.

परतल्यावर टीमच्या बैठकीत मी त्यांचा विषय काढला. डॉक्टर त्यांच्याशी बराच वेळ बोलले, जोखीम नव्याने तपासली. शेजारी एक नर्स बसेल या अटीवर त्यांना सुरी-काटा द्यायचं ठरलं. पहिल्या जेवणाची ड्युटी मी मागून घेतली.