स्लॅबचा फ्लॉवरपॉट, प्रयत्न तिसरा

तर मंडळी, स्लॅबचा म्हणजे मातीच्या लाटलेल्या सपाट तुकड्यांचा तिसरा फ्लॉवरपॉट उभा राहिलाय आणि दहा दिवस झाले तरी एकाही सांध्याला चीर नाही. पहिला वाळतानाच कोपऱ्यात उकलला होता आणि दुसरा बिस्कमधून (म्हणजे पहिल्या भाजणीतून) आला तेव्हा सांध्यात नख जाईल एवढी फट. दोन्ही वेळा मी स्लिपला (सांधे चिकटवायच्या पातळ मातीला) शिव्या घातल्या, पण घोळ वेगळाच होता, दोन भिंती आदल्या दिवशी लाटलेल्या आणि दोन ताज्या, मग मऊवाली जास्त आकसणार आणि सांधा ओढून फाडणार, दुसरं काय होणार.

यावेळी चार भिंती आणि तळ एकाच बैठकीत. ग्रॉगवाली (भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेली) स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती, खाली जुनी चादर, दोन्ही बाजूंना ७ मिमीच्या लाकडी पट्ट्या आणि घरातलं सगळ्यात जाड लाटणं. दोन-तीनदा लाटलं की स्लॅब उलटायचा आणि फिरवायचा, पोळीसारखंच, नाहीतर एकाच दिशेला ताणलेल्या मातीला ते लक्षात राहतं आणि भट्टीत गेल्यावर ती सूड उगवते. टेम्प्लेट शर्टाच्या खोक्यातल्या पुठ्ठ्याचं, उंची २४ सेंमी. ही माती भाजून होईपर्यंत साधारण १२ टक्के आकसते म्हणजे हातात २१ येईल.

मग वाट बघणे. पुण्यातला जुलै, बाहेर धो धो, लेदर हार्ड (चामड्यासारखा घट्ट, पण अजून ओलसर) व्हायला दीड दिवस गेला. पंख्याखाली ठेवायचा मोह आवरा, कडा आधी वाळतात, मधे ओल राहते आणि स्लॅबचा पापड होतो (अनुभवाचे बोल). माझी टेस्ट सोपी आहे, उचलल्यावर झुकला नाही पाहिजे आणि अंगठा दाबला तर ठसा उमटला पाहिजे.

कडा ४५ अंशात कापल्या, काट्याने आडव्या-उभ्या रेघा मारल्या, त्याच मातीची स्लिप त्यात थोडं व्हिनेगर, आणि स्लिप बाहेर येईपर्यंत दाबलं. आतून प्रत्येक सांध्यात बारीक कॉइल (मातीची वळलेली दोरी) भरली. आता गंमत, हाताने कॉइल वळत बसायचा कंटाळा आला म्हणून चकलीचा सोऱ्या काढला, जाड शेवेची चकती लावली, एकसारख्या कॉइल्स धडाधड! आईला अजून सांगितलेलं नाही, दिवाळीपर्यंत नवीन सोऱ्या आणावा लागणार. बाहेरची नक्षी करंजीच्या कातण्याने, खालून वर तिरक्या रेघा, आणि खरं सांगू तर त्यामुळे सांध्याची बारीकसारीक लपवालपवीपण झाली.

वाळवताना खाली दोन पेपर ठेवलेत म्हणजे तळ आकसताना चिकटून न बसता सरकतो. तोंडाचा काठ सगळ्यात आधी वाळतो म्हणून तिथे प्लॅस्टिक घट्ट, खाली सैल, आणि रोज सकाळी आतल्या बाजूचे थेंब पुसून परत झाकायचं.

पुढे बिस्क १००० डिग्रीला. ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) फक्त आतून ओतायचं ठरतंय, बाहेर आयर्न ऑक्साइडचा हात फिरवून पुसून टाकीन म्हणजे कातण्याच्या रेघांत काळपट रंग बसेल, जाड ग्लेझने त्या बुजल्या तर रडू येईल. कोणी आतून-बाहेरून वेगळं केलं असेल तर काठावर कुठे थांबलात ते सांगा.

ज्या स्टुडिओत भाजून घेते तिथली भट्टी शनिवारी लागतेय. आज फ्लॉवरपॉट गालाला लावून बघितला, तळाजवळ अजून गार लागतोय म्हणजे आत ओल आहे, बहुतेक हा शनिवार हुकणार.