एकशे तीन पायऱ्या आणि आजोबांचे मुद्गल

सहा वर्षं मी रोज सकाळी सव्वापाचला उठून पर्वती चढत होतो. पायऱ्या 103. तीनदा वर, तीनदा खाली, मग घरी येऊन चहा. मी हिशेबनीस माणूस, त्यामुळे डायरीत फेऱ्यांची नोंद. खाडा पडला की दिवसभर चुकचुक. पहिल्या वर्षी सहा किलो उतरले. पुढची पाच वर्षं फक्त नोंदीच झाल्या. पाय इतके सरावले होते की देवळाशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात जीएसटीचं रिटर्न चालू असायचं.

मागच्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या काढायला माळ्यावर हात घातला. पितळी सोऱ्या, असेल दीडेक किलोचा. उजवा हात खांद्याच्या वर जाईचना. बायकोनं मला स्टुलावरून खाली उतरवलं, स्वतः चढली, सोऱ्या काढला आणि म्हणाली, "तीनशे नऊ पायऱ्या चढतात म्हणे रोज!"

सोऱ्यामागे आजोबांचे मुद्गल होते, म्हणजे व्यायामाला फिरवायचे गदेसारखे जड लाकडी दांडे. आजोबा औंध संस्थानातले. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींना सूर्यनमस्कारांचं इतकं वेड, की संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे होते. आजोबा म्हणायचे, "नमस्कार राजाचे, मुद्गल माझे." मी ते मुद्गल लहानपणी क्रिकेटचे स्टंप म्हणून वापरलेत.

रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन केलं. एक 3 किलो 400 ग्रॅम, दुसरा 3 किलो 700. "लाकूड नाय घेत आपण," तो म्हणाला.

आधी खांदा डॉक्टरांना दाखवला. आखडलाय, वापरत नाही म्हणून, असं त्यांचं मत पडलं. तरी गॅलरीत स्वतःच्या अकलेनं मुद्गल फिरवायला गेलो आणि तुळशीच्या कुंडीचा कान उडवला. मग मुकाट्यानं जवळच्या तालमीत गेलो. तिथल्या वस्तादांनी आजोबांची जोडी हातात घेऊन बघितली, बाजूला ठेवली आणि मला दीड किलोची दिली.

"फिरवू नका. पडू द्या त्याला."

मूठ छातीसमोर, मुद्गल उभा. तो खांद्यावरून मागे सोडायचा, पाठीमागे लोलकासारखा झुलू द्यायचा आणि त्याच झोक्यात पुढे घ्यायचा. दंडाचा जोर लावला की मुद्गल बरगडीत बसतो. सोडून दिला की कोपर आपोआप कानाशी येतं. दहाव्या दिवशी ते आलं. सोऱ्यापर्यंत न पोचणारा हात कानाला घासून गेला!

बैठकांनी मात्र पार इज्जत काढली. माझ्या मांड्या म्हणजे दगड, असा माझा समज. चाळीस बैठका मारल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना आडवा होऊन उतरलो. पायरी चढताना गुडघा अर्धाच दुमडतो. बैठकीत पार खाली जाऊन सगळं वजन परत वर आणायचं असतं. त्या खालच्या अर्ध्याला सहा वर्षांत मी कधी हातच लावला नव्हता. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं मी चारचौघांत ऐकवायचो. त्याच सल्ल्यात किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही आहे, तेवढं सोयीस्कर वगळायचो.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार पर्वती. मंगळवार आणि शनिवार तालीम. गुरुवारी पोहायला जातो, पण तिथे व्यायाम कमी आणि गप्पा जास्त होतात, खोटं कशाला बोला. रविवारी काही नाही. हा रविवार जमायला सगळ्यात जड गेला. पहिले दोन महिने सव्वापाचला उठून नुसता गॅलरीत उभा राहायचो.

पर्वतीवरच्या मंडळींना हे फारसं पटलेलं नाही. मंगळवारी दिसलो नाही की बुधवारी चौकशी होतेच, "काय, बरं नव्हतं का?" एका काकांनी तर घरी फोन केला. पर्वतीची मजाही उलट वाढली आहे. रोज जात नसल्यामुळे पायऱ्या पुन्हा दिसायला लागल्या. काही इतक्या रुंद आहेत की दोन पावलं टाकावी लागतात, हे सहा वर्षं मी पायांनाच माहीत ठेवलं होतं.

डायरीत आता कुठला रकाना कुठे आखायचा, हा घोळ अजून मिटलेला नाही. आजोबांच्या जोडीतला 3 किलो 400 वाला गेल्या आठवड्यात पहिल्यांदा घेतला, उजव्या हातानं बारा वेळा फिरवून झाला. थोरला अजून दारामागे उभा आहे. बायको त्याला टॉवेल अडकवते.