हरिपूरचा पेलाभर गाळ

रिझर्वेशन असूनही पुण्याहून सांगलीपर्यंत निम्मा रस्ता उभ्याने आले. पाय सुजले होते, तरी हरिपूरला उतरल्यावर आधी घाटावरच गेले. श्रावणी सोमवार, संगमेश्वराला रांग, आणि कृष्णा-वारणा दोघीही चहाच्या रंगाच्या. काचेचा पेला बुडवून पाणी आणलं आणि मामांच्या खिडकीत ठेवलं.

सकाळी तळाशी नखाच्या जाडीचा गाळ बसला होता. मामी म्हणाली, "२०१९ला ह्योच गाळ घरातनं काढून काढून कंबर मोडली आमची. अन् तू मोजतीस व्हय?" स्विचबोर्डाच्या वर पुराची रेघ अजून आहे. रंग देताना मामांनी तेवढी पट्टी मुद्दाम सोडली.

हो, मोजते, पण समुद्रातला; तेच माझं काम. बंगालच्या उपसागरात खोलवर नांगरलेल्या दोराला मोठं नरसाळं बांधतात, त्याखाली फिरत्या चकतीवर बाटल्या. ठरलेल्या दिवसांनी एक बाटली सरकते, दुसरी येते. वरून मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), विष्ठा, चिकट कण यांचा भुरभुरता पाऊस पडत असतो, तो आत साठतो. आत साठलेलं जिवाणूंनी खाऊ नये म्हणून बाटलीत आधीच विष घातलेलं असतं. माझ्या हाती चिमटा. जिवंत पोहत आत शिरलेले बारीक जीव एकेक वेचून काढायचे, नाहीतर खाली जाणाऱ्या कार्बनचा आकडा फुगतो. मग गाळणं, वाळवणं, वजन. डोळे दुखतात, पण हे काम मला मनापासून आवडतं.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठासोबत १९८७ पासून तिथे असे सापळे लावले. दिसलं ते असं, की नद्यांची माती या हलक्या कणांना चिकटून त्यांना जड करते. मग ते झपाट्याने बुडतात, आणि वाटेत कुजून कार्बन पाण्यात परत मिसळायला वेळच उरत नाही. अरबी समुद्राच्या मानाने वरचं प्लवकाचं पीक कमी, तरी तळाकडे जाणारा कार्बन जवळपास तेवढाच.

मामीने पेला उजेडात धरला. "म्हंजे आमच्या घरातला गाळ तिकडं कामाला येतोय?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "बराचसा मधेच धरणांत अडतो, मामी. अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर..."

अलमट्टीचं नाव निघताच मामांनी पेपर बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसले. माझी परतीची बस त्या दिवशी चुकली.